सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या अमीबांचा अहवाल कसा लिहावा?

प्रश्न (पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, धंतोली, नागपूर)

नमस्कार. पावसाळा लागला की आमच्या लहान प्रयोगशाळेत स्टूल तपासणीचे नमुने वाढतात आणि आयोडीन माउंटमध्ये (आयोडीनच्या थेंबात काचपट्टीवर पाहिलेल्या नमुन्यात) अमीबाच्या चार केंद्रकांच्या सिस्ट, म्हणजे कवचबद्ध अवस्था, वरचेवर दिसतात. अशा वेळी अहवालात ‘एन्टामीबा हिस्टोलिटिकाच्या सिस्ट आढळल्या’ असे लिहिण्याची आमची जुनी पद्धत आहे. नुकत्याच रुजू झालेल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचे म्हणणे असे की, एवढ्यावरून प्रजातीचे नाव लिहिता येत नाही. आमच्याकडे चांगला सूक्ष्मदर्शक आणि एलायझा रीडर (प्रतिजन-प्रतिपिंड चाचण्या वाचणारे यंत्र) आहे. पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवून ओळखणाऱ्या चाचणीची) सोय नाही. या साधनांत नेमके कुठपर्यंत जाता येईल, आणि त्यापुढे नमुना बाहेर पाठवायचा झाल्यास तो कसा ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (सूक्ष्मजीवशास्त्राचे निवृत्त अध्यापक)

आपल्या मॅडमचे म्हणणे बरोबर आहे. रोगकारक एन्टामीबा हिस्टोलिटिका, एन्टामीबा डिस्पार आणि एन्टामीबा मोशकोव्स्की या तिन्हींच्या सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्याच दिसतात. २०१२ मध्ये वर्णन झालेली एन्टामीबा बांगलादेशी हीदेखील त्यांच्यासारखीच दिसते. डिस्पार ही वेगळी, रोग न करणारी प्रजाती असावी असे ब्रम्प्ट यांनी १९२५ मध्येच मांडले होते, पण त्यांच्याकडे दाखवण्यासारखा आकारातला फरक नसल्यामुळे ते फारसे कोणी मानले नाही. १९७८ मध्ये सार्जंट आणि विल्यम्स यांनी विकरांच्या नमुन्यांवरून दोन गट वेगळे करून दाखवले आणि १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी दोन प्रजातींचे औपचारिक वर्णन केले. म्हणूनच १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ बैठकीने, केवळ सूक्ष्मदर्शकावर निदान झाले असेल तर ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ असेच लिहावे, अशी शिफारस केली.

सूक्ष्मदर्शक मात्र निरुपयोगी ठरत नाही. एन्टामीबा हार्टमनीची सिस्ट १० मायक्रॉनपेक्षा लहान असते, त्यामुळे नेत्रभिंगातील मायक्रोमीटर प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी कॅलिब्रेट करून मोजमाप घेतल्यास ती वेगळी काढता येते. एन्टामीबा कोलायच्या पक्व सिस्टमध्ये आठ केंद्रके असतात, पण अपक्व सिस्टमध्ये चारच दिसू शकतात. तेव्हा क्रोमॅटॉइड दांडे (सिस्टच्या आत दिसणारे दांड्यासारखे भाग) पाहावेत. ते हिस्टोलिटिका गटात बोथट टोकांचे आणि कोलायमध्ये काडीसारखे फाटलेले असतात, आणि आयोडीनपेक्षा सलाइन माउंटमध्ये चांगले दिसतात. ताज्या रक्ती आवेत लाल रक्तपेशी गिळलेले ट्रोफोझाइट (अमीबाची हालचाल करणारी अवस्था) दिसले तर तो हिस्टोलिटिकाकडे बोट दाखवणारा भक्कम पुरावा मानावा, मात्र अंतिम नव्हे. त्यासाठी पातळ नमुना अर्ध्या तासाच्या आत पाहावा लागतो, आणि रुग्णाने घरून डबीत आणलेल्या नमुन्याकडून ही अपेक्षा ठेवू नये.

उत्तर २ (फिजिशियन, नागपूर)

सरांचे विवेचन मान्य आहे, पण व्यवहारात एक अडचण येते. ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ असा अहवाल हाती आल्यावर आम्ही काय करावे? बहुतेक वेळा मेट्रोनिडाझोल लिहिले जाते आणि रुग्ण बरा होतो. मग एवढ्या सूक्ष्म भेदाने उपचार खरोखरच बदलतात का?

उत्तर १ चे पुढील स्पष्टीकरण

डॉक्टरसाहेब, बदलतात, आणि तेही दोन्ही बाजूंनी. डिस्पारला उपचारच लागत नाही. तिच्या सिस्टवर बोट ठेवून आपण थांबलो तर शिगेला जिवाणू किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) यांसारखे जुलाबाचे खरे कारण तसेच राहून जाते. उलट बाजू अधिक गंभीर आहे: अमीबाजन्य कोलायटिसला दाहजन्य आंत्रविकार समजून स्टेरॉइड दिले गेले, तर आतडे फुगून फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शिवाय हिस्टोलिटिका सिद्ध झाली तर एकट्या मेट्रोनिडाझोलवर भागत नाही, कारण ते आतड्याच्या पोकळीतील सिस्टवर पुरेसे चालत नाही. त्यानंतर डायलोक्सनाइड फ्युरोएट किंवा पॅरोमोमायसिन द्यावे लागते. लक्षणे नसलेल्या हिस्टोलिटिका-वाहकालाही ते द्यावे, असाच संकेत आहे.

उत्तर ३ (रेण्वीय निदानात काम करणारी संशोधक)

ताई, तुमच्या एलायझा रीडरचा येथे चांगला उपयोग होईल. हिस्टोलिटिकाच्या पृष्ठभागावरील गॅलॅक्टोज-बंधक लेक्टिन ओळखणारे प्रतिजन संच मिळतात. मात्र सगळे संच प्रजातिविशिष्ट नसतात, काही हिस्टोलिटिका आणि डिस्पार यांना एकत्रच पकडतात, म्हणून खरेदीआधी माहितीपत्रक शब्दन् शब्द वाचावे. नमुना ताजा किंवा गोठवलेला हवा. फॉर्मलिन घातलेला चालत नाही. फॉर्मल-ईथर कॉन्सन्ट्रेशनसाठी (नमुन्यातील सिस्ट एकवटण्याच्या पद्धतीसाठी) नमुना वापरण्याआधीच त्यातला थोडा भाग वेगळा काढून गोठवून ठेवावा, कारण एकदा फॉर्मलिन पडले की मागे फिरता येत नाही.

संवेदनशीलतेत पीसीआर पुढे आहे. तिचे लक्ष्य बहुधा लहान उपघटक रायबोसोमल आरएनएचे जनुक असते. ते वर्तुळाकार डीएनएवर अनेक प्रतींत असल्यामुळे थोडे परजीवीही सापडतात, आणि प्रजातींमधला फरकही तेथेच टिपता येतो. मोशकोव्स्कीसकट तिन्ही वेगळ्या काढणारी नेस्टेड मल्टिप्लेक्स पीसीआर पद्धत पुद्दुचेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेमधूनच २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. विष्ठेतील पित्तक्षार आणि बहुशर्करा अभिक्रिया रोखतात, म्हणून इनहिबिशन कंट्रोल (अभिक्रिया रोखली गेली का हे दाखवणारी जोडचाचणी) नसलेल्या प्रयोगशाळेचा निगेटिव्ह निकाल मी तरी अर्धाच मानते. पाठवताना नमुना गोठवून बर्फात किंवा अल्कोहोलमध्ये पाठवावा, उपचार सुरू होण्यापूर्वीचा असावा, आणि सिस्ट रोज बाहेर पडत नसल्याने पहिला निगेटिव्ह आला तर वेगवेगळ्या दिवशी एकूण तीन नमुने घ्यावेत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. अहवालाचा मजकूर उद्यापासून बदलण्याचे मॅडमनी ठरवले आहे. एक शंका उरते: यकृताच्या गळवाच्या रुग्णाचे स्टूल आमच्याकडे आले आणि त्यात काहीच सापडले नाही, तर काय समजावे?

उत्तर १

त्यावरून गळू अमीबाजन्य नाही असे समजू नये. अशा बहुतेक रुग्णांच्या विष्ठेत परजीवी सापडत नाही. येथे रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी पडते, मात्र आपल्या भागात ती जुन्या संसर्गामुळेही वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहू शकते, हे चिकित्सकांना कळवावे. पू काढला गेला तर अगदी शेवटी येणारा भाग वेगळ्या नळीत मागवावा, कारण अमीबा गळवाच्या भिंतीलगत असतात, मधल्या पातळ द्रवात क्वचितच दिसतात. त्याच भागावर पीसीआरही करता येते.