मुंबईत छंद म्हणून लोहारकाम शिकायचे आहे: भट्टी कुठे पेटवावी, आणि मंडळ उभे राहू शकेल का?

मुलुंडचा नवशिका (प्रश्न)

नमस्कार. मी मुलुंडला सहा मजली इमारतीत राहतो आणि दिवसभर संगणकासमोर बसण्याची नोकरी करतो. गेल्या दिवाळीत गावी आजीची विळी घेऊन लोहाराकडे गेलो आणि तेव्हापासून या कामाने मनात घर केले आहे. त्यांनी बोथट पाते निखाऱ्यांत सरकवले, पंख्याचे चाक फिरवत ते नारिंगी होऊ दिले आणि आठ-दहा घावांत कड पातळ केली. पुढे पुन्हा तापवून पाण्यात बुडवताना मात्र नेमकी धारेची कडच बुडवली आणि पाठ बाहेर ठेवली. असे का, हे विचारायचे राहून गेले, याची चुटपुट अजून लागून आहे.

सध्या माझ्याकडे एक हातोडा आणि नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या दोन सांडश्या आहेत. गच्चीवर गॅसची लहान भट्टी मांडण्याचा विचार होता. सोसायटीच्या सचिवांनी तो हसण्यावारी नेला. परदेशातील हौशी मंडळी रुळाच्या तुकड्याची ऐरण करतात, तशी इथे करता येईल का? अमेरिकेत कलावंत-लोहारांची संघटना १९७३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये तशीच १९७८ मध्ये स्थापन झाली. त्यांचे सभासद एखाद्याच्या भट्टीवर जमून एकमेकांचे पाहून शिकतात. मुंबईत बोन्सायपासून गिर्यारोहणापर्यंत सगळ्यांची मंडळे आहेत, मग लोहारकामाचे का असू नये?

टूलरूममधला निवृत्त

आधी आपल्या विळीविषयी लिहितो, कारण आपण पाहिले ते या कामातले सर्वांत सुंदर दृश्य आहे. कड पाण्यात जाताच कडक होते, परंतु काचेसारखी ठिसूळही होते. पाठीत उरलेली उष्णता नंतर हळूहळू कडेकडे सरकते आणि तो ठिसूळपणा कमी करते. लोहार पाते बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासतो ते चकाकी आणण्यासाठी नव्हे, तर त्या स्वच्छ पट्ट्यावर चढणारा रंग दिसावा म्हणून. फिकट गवती पिवळा दिसला की कड साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला पोहोचलेली असते, निळा दिसला तर ३०० च्या आसपास. हवा तो रंग धारेवर आला की पाते पूर्ण बुडवायचे. पाणी पाजणे म्हणतात ते हेच, आणि त्यात चार-पाच सेकंदांची चूकही महागात पडते.

आता गच्चीविषयी. निवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा २००० सालच्या नियमांनुसार ५५ डेसिबल आहे, आणि ऐरणीचा आवाज तिच्या कितीतरी पुढे जातो. ऐरणीला साखळी गुंडाळली की तिचे घंटेसारखे निनादणे कमी होते, परंतु घाव तो घावच. शिवाय १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असते, भट्टीसाठी नव्हे. सचिव हसले ते बरे झाले.

रुळाचा तुकडा कृपया घेऊ नका. संशयास्पद रेल्वे मालमत्ता बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि ती आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. भंगारवाल्याच्या तोंडी आश्वासनाला तिथे काही किंमत नाही. त्यापेक्षा मुंबईतल्या दारूखाना भागातील भंगार बाजारात जाऊन जाड शाफ्टचा कापलेला तुकडा शोधावा. १५ सेंटिमीटर व्यासाचा आणि ३० सेंटिमीटर लांबीचा पोलादी तुकडा ४० किलोंहून थोडा अधिक भरतो. तो लाकडी ओंडक्यात उभा रोवला की घावाखाली त्याची पूर्ण लांबी येते आणि हातोडा छान उसळून परत येतो. मूठ वळून हात सरळ खाली सोडावा. बोटांची पेरे जिथे येतील, तिथे ऐरणीचा माथा हवा. त्याहून उंच ठेवल्यास खांदा आठवड्याभरात तक्रार करतो.

लोहाराचा मुलगा, भांडुप

वरील उत्तरातील प्रत्येक शब्द बरोबर आहे, तरीही माझे मत वेगळे आहे. आपल्याला ऐरण विकत घेण्याची गरजच नाही.

आमचे दुकान दहा बाय बारा फुटांचे आहे. वडील आजही छिन्न्या आणि पहारींची टोके तापवून काढतात, कारण रस्ता खोदणाऱ्या कंत्राटदाराला ती दर आठवड्याला लागतात. मजुरी नगावर मिळते, त्यामुळे भट्टी पेटलेली असताना कोणी प्रश्न विचारत उभे राहिले की त्यांचा थेट तोटा होतो. गेल्या काही वर्षांत कॅमेरे घेऊन बरेच जण आले, ठिणग्यांची छायाचित्रे काढली, चहा प्यायले आणि गेले. वडील कोणाला नाही म्हणत नाहीत. परंतु त्या दिवशीच्या पाच पहारी रात्री दिवा लावून पूर्ण करताना मी त्यांना पाहिले आहे.

म्हणून मंडळ काढायचे असेल तर ते काम करणाऱ्या लोहाराच्या भट्टीभोवती काढा. चार-पाच जणांनी मिळून महिन्यातला एक दिवस ठरवावा, त्या दिवसाच्या बुडालेल्या मजुरीसह शिकवण्याचे मानधन आधी हातात द्यावे, कोळशाचा खर्च वेगळा द्यावा, आणि त्या दिवशी वडिलांना गिऱ्हाइकाचे काम करावे लागू नये. भट्टी, ऐरण, सांडश्या सगळे तिथे आहे. शिवाय ज्याने चाळीस वर्षे लोखंडाचा रंग पाहिला आहे, त्याचा डोळा आहे, आणि तो कुठल्याच बाजारात मिळत नाही. आमच्याकडे आजवर मंडळ म्हणजे जातीचे मंडळ, लग्नाचे मेळावे आणि वह्यावाटप. कामासाठी बाहेरचे कोणी येऊन बसणार असेल तर वडिलांना ते नवल वाटेल, पण आवडेलही.

लेण्यांची वाचक

मंडळाच्या मुद्द्यावर थोडे विषयाच्या काठाने लिहिते. महाराष्ट्राला कारागिरांची संघटना नवी नाही. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या शिलालेखात ३,००० कार्षापणांच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या, दानाचा उल्लेख आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे (कारागिरांच्या संघांकडे) कायम ठेव म्हणून ठेवली होती: २,००० एकीकडे दरमहा १ टक्का व्याजाने, १,००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मूळ रक्कम परत घ्यायची नव्हती. व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि किरकोळ खर्च भागायचा. जुन्नरच्या लेखांत कासारांची आणि बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणीही भेटते. लंडनच्या लोहारांच्या कंपनीला राणीची सनद मिळाली ती १५७१ मध्ये, म्हणजे बरीच नंतर.

यातून मला एवढेच दिसते की श्रेणीवर लोक पैसा सोपवत, कारण तिचे सभासद रोज काम करणारे होते. भांडुपच्या सदस्यांनी सुचवलेली रचना त्या कल्पनेच्या अधिक जवळ जाते.

सुऱ्यांचा शौकीन

माझा थोडा विरोध नोंदवतो. महिन्यातून एकदा हातोडा धरून कोणी शिकत नाही. संस्था नोंदवावी, कळंबोलीकडे गाळा भाड्याने घ्यावा, सुऱ्या घडवून विकाव्यात आणि भाडे त्यातून काढावे. ट्रकच्या कमानीचा पाटा भंगारात स्वस्त मिळतो आणि त्याची सुरी उत्तम होते.

टूलरूममधला निवृत्त

पाटा उत्तम, याला दुजोरा देतो. बहुधा ते ईएन ४५ जातीचे पोलाद असते, त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक असतो, आणि त्याला पाण्याऐवजी तेलात विझवावे, नाहीतर तडा जाण्याची भीती असते. तापत्या पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते ते सुमारे ७७० अंशांना. त्यानंतर आणखी थोडे तापवून मग तेलात घालावे. मात्र वापरलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा असतात, म्हणून विकण्याच्या वस्तूसाठी मी तो कधीच वापरणार नाही. शिवाय घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या उपयोगासाठी नसलेले पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, तर शस्त्र कायद्याचा प्रश्न येतो. नवशिक्याने पहिले वर्ष आकडे, खुंट्या आणि उलथनी घडवावीत. चौकोनी सळईला चारही बाजूंनी सारखे टोक काढणे जमले, तर सुरी आपोआप जमते.

एक अनुभव सांगतो. तरुणपणी मी घाईत जस्ताचा मुलामा असलेला पाइप भट्टीत घातला होता. पांढरा धूर आला, मी दुर्लक्ष केले, आणि रात्री हुडहुडी भरून ताप चढला. सहकाऱ्यांनी दूध पाजले, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. मुलामा दिलेले काहीही आगीत घालू नका, आणि दोन्ही तोंडे बंद असलेली नळी तर मुळीच नको.

मुलुंडचा नवशिका

सर्वांचे मनापासून आभार. पाण्यात कडच का बुडवली हे आज कळले, आणि गावच्या त्या लोहारदादांना पुढच्या खेपेला त्यांच्या वेळेचे पैसे द्यायचे हेही ठरवले. गाळा घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवतो. माझ्या ओळखीचे तिघे तयार आहेत. भांडुपच्या सदस्यांना विनंती आहे की वडिलांना सोयीचा वार आणि मानधनाचा आकडा त्यांनाच विचारून आम्हाला कळवावा. तो आम्ही सुचवणे बरे दिसणार नाही.

लोहाराचा मुलगा, भांडुप

विचारले. त्यांनी आकडा सांगण्याआधी विचारले की मुलांचे हात कसे आहेत. मी म्हटले, मऊ आहेत. मग म्हणाले, पहिल्या दिवशी हातोडा धरायचा नाही, फक्त पंखा फिरवायचा आणि आग राखायची. आणि त्या दिवसाचे पैसे निम्मेच घेईन. सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून या, नायलॉनचे काहीही नको, आणि चामड्याचे बूट असू द्या. चष्मा नसेल तर ठिणग्यांपासून डोळे वाचवणारा गॉगल आणा. सोमवारी सकाळी साडेआठला भट्टी पेटते, त्याआधी दहा मिनिटे पोहोचा, म्हणजे ती पेटवताना पाहता येईल.