रोमन सैनिक हातावर चिलखत घालायचे का? चित्रासाठी मदत हवी आहे

रेघोट्या:
मंडळी, एका दिवाळी अंकाच्या मुलांच्या विभागासाठी दोन पानी चित्र काढतोय. विषय: सम्राट ट्राजनची डेशियावरची स्वारी, म्हणजे इ.स. 101 ते 106 मधला आजचा रोमानिया. ढाल, शिरस्त्राण, तलवार यांचे संदर्भ ढिगाने मिळाले. गाडी अडलीय ती हातांपाशी.

हॉलिवूडच्या सिनेमांत झाडून सगळ्या रोमनांच्या मनगटापासून कोपरापर्यंत चामड्याचे पट्टे आवळलेले असतात. मीही तेच काढले. संपादकबाईंनी विचारलं, "याला पुरावा काय?" शोधायला बसलो तर जास्तच गोंधळ. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर सैनिकांचे हात उघडे आहेत. रोमानियातल्या आदामक्लिसीच्या स्मारकावर मात्र त्याच स्वारीतल्या सैनिकांच्या उजव्या हातावर खांद्यापासून खाली वळ्यावळ्यांचं काहीतरी दिसतं. खरं कोणतं धरू? एका हातात की दोन्ही? धातू की चामडं? जाणकारांनी प्रकाश टाकावा, लवकरच रंग भरायला घ्यायचेत.

वाटसरू७:
चामड्याचे पट्टे आधी खोडा. ती सिनेमावाल्यांची देणगी. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस रोमन पायदळाची सामग्री एकेक करून सांगतो, त्यात नडगीचं कवचसुद्धा येतं, पण हाताचं काही नाही. पुढे पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस, त्याच्या वर्णनातही नाही. सरसकट सगळे घालत असते तर इतक्या बारकाईने लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं नसतं.

तटबंदी:
वाटसरू, निम्मं बरोबर. सरसकट नव्हतं, पण होतं. त्याला मॅनिका म्हणतात. ग्लॅडिएटर ते आधीपासून वापरत, आणि जर्मनीतल्या माइन्त्सच्या एका सैनिकाच्या पहिल्या शतकातल्या थडग्यावर शस्त्रांच्या नक्षीत ते कोरलेलं आहे. म्हणजे डेशियाच्या लढाईत अचानक उगवलेलं नाही.

शिवाय प्रत्यक्ष वस्तू सापडल्यात. स्कॉटलंडमधल्या न्यूस्टेडच्या छावणीत जेम्स कर्लने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन केलं, तिथे पितळी मॅनिका मिळाली. शंभरावर तुकडे होते. अलीकडे ते जुळवून अख्खा हात उभा केला आणि 2024 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या रोमन सैन्यावरच्या प्रदर्शनात ठेवला होता. त्याचे फोटो नक्की बघा, तुमचं अर्धं काम तिथेच होईल. इंग्लंडमधल्या कार्लाईलला लोखंडी मॅनिका मिळाल्यात.

रचना अशी: वर खांद्याशी एक रुंद पत्रा, खाली वाकवलेले अरुंद पत्रे एकावर एक चढलेले, आतून चामड्याच्या पट्ट्यांना रिव्हेटने ठोकलेले. त्यामुळे कोपर दुमडतं. नुसतं कोपरापुढे नाही, पूर्ण हात झाकला जातो. आणि फक्त उजवा! डावा हात ढालीमागे असतो, त्याला कशाला हवं?

जुनापट्टेकरी:
म्हणजे आपल्या दांडपट्ट्याच्या खोबळ्यासारखंच की, शस्त्र धरणारा हात सांभाळायचा. फरक इतकाच की खोबळा पट्ट्याचाच भाग असतो, हे अंगावर चढवायचं.

रेघोट्या:
तटबंदी, लाख धन्यवाद. पण मग स्तंभावर का नाही? एकाच स्वारीची दोन स्मारकं ना?

तटबंदी:
स्तंभ 113 चा, राजधानीतल्या कारागिरांनी घडवलेला. त्यांना शेकडो माणसांतून लीजनचा, म्हणजे मुख्य दलाचा सैनिक कोण आणि साहाय्यक दलाचा कोण हे प्रेक्षकाला चटकन कळवायचं होतं, म्हणून एकाला धातूच्या पट्ट्यांचं चिलखत, दुसऱ्याला कड्यांचं, असा ठरीव साचा. आदामक्लिसीचं स्मारक 109 चं, सरहद्दीवरचं. कोरीवकाम ओबडधोबड, चेहरे तर बघवत नाहीत, पण सामानाच्या बाबतीत मी त्यावरच विश्वास ठेवेन.

कारणही त्याच दगडांवर आहे. शत्रूने दोन्ही हातांनी धरलेलं फाल्क्स: लांब मुठीचं वाकडं पातं, धार आतल्या बाजूने. ते ढालीच्या कडेवरून आत येऊन तलवारीचा हात छाटू शकतं. त्या काळातल्या काही शिरस्त्राणांवर डोक्यावरून आडव्याउभ्या लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या सापडतात, त्याही याच भीतीने असाव्यात.

एक सांभाळा. आदामक्लिसीचे मॅनिकावाले कड्यांच्या किंवा खवल्यांच्या चिलखतात आहेत. स्तंभावरचं पट्ट्यांचं चिलखत आणि आदामक्लिसीची मॅनिका यांची खिचडी करू नका.

रेघोट्या:
खिचडी शिजत घातलीच होती, बरं झालं सांगितलंत. खवले काढतो, मुलांना रंगवायलाही मजा येईल. सगळ्यांच्या हातावर मॅनिका दाखवू का?

वाटसरू७:
पुढच्या रांगेतल्या काहींना द्या, बाकीचे उघडे ठेवा. दोन्ही स्मारकांचा मान राहील.

रेघोट्या:
चालेल. आणि मागे एक तिरंदाज आहे, त्याचाही उजवाच हात?

तटबंदी:
नाही, त्याचा डावा. तीनेकशे वर्षांनी लिहिणारा रोमन युद्धशास्त्रकार व्हेजेटियस जुन्या तिरंदाजांबद्दल तसंच सांगतो. धनुष्य धरणारा हात पुढे असतो, वर ढालही नाही. त्याला खांद्यापर्यंत पत्रे मात्र चढवू नका, साधं आवरण पुरे.