जळगाव एमआयडीसीत माणूस मिळेना आणि अभ्यासिकेत जागा मिळेना, असं का?

तापीकाठ:
चटई आणि पाइपवाले कारखानदार ऑपरेटरसाठी वणवण करतात. इकडे आपली पोरं भरतीच्या मागे. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांवर अर्ज आले. शंभरात एक लागणार, बाकीच्यांनी वय निघून जाईपर्यंत काय करायचं? माझं स्पष्ट मत आहे, दोन भरत्या द्या, नाही झालं तर सरळ आयटीआय. भुसावळला रेल्वेत अप्रेंटिस घेतात, तिकडे बघा.

केळीपट्टा:
दादा, अर्धंच सांगितलं तुम्ही. माझा भाऊ चटईच्या प्लांटवर होता. बारा तासांची पाळी, ठेकेदाराचं नाव कार्डावर, पीएफचा पत्ता नाही. खोलीभाडं आणि डबा गेला की हातात उरतं काय? आणि सोयरीक जमवताना मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, "सरकारी आहे का?" पोरं अभ्यासिकेत बसतात ती याच्यामुळे. आळसाचा काही संबंध नाही.

तापीकाठ:
सोयरिकीचं मान्य. पण तिशीपर्यंत रिकामा बसलेल्याला तरी कोण मुलगी देतं? आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, २०२४च्या अहवालात आहे, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४. पदवी घेऊन वाट बघणाऱ्यांचाच हा आकडा.

सातपुडा_नंदुरबार:
ते ३.४ वाले म्हणजे आमच्या धडगाव-अक्कलकुव्याची माणसं, भाऊ. बेकार बसणं त्यांना परवडतच नाही. मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला. लेकरं सोबत, शाळा अर्धवट. दहावीच नाही तर आयटीआयचा फॉर्म कोण भरणार? आणि शिकून तरी लागायचं कुठे? कापूस खान्देशाचा, पण जिनिंगमधून गाठी बांधून बाहेर जातो. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल बंद पडल्या, त्या तोडीचं काम परत आलंच नाही. पोरांना शहाणपण शिकवण्याआधी सूतगिरण्या आणि कापडाचं काम इथे आणा.

चोपड्याची_ताई:
एवढी चर्चा झाली, मुलींचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या चुलत बहिणीने डिप्लोमा केला, क्वालिटीत काम मिळालं. पाळी रात्री सुटायची आणि चोपड्याची शेवटची एसटी तोवर गेलेली असायची. घरच्यांनी काम सोडायला लावलं. कारखान्याने पाळीची गाडी दिली असती तर ती आज कामावर असती.

तापीकाठ:
ताई, गाडीची मागणी एकदम रास्त. ठेकेदारीचंही तपासायलाच हवं. पण सूतगिरणी येईल तेव्हा येईल, आज तेवीस वर्षांच्या पोराने थांबू नये, यावर मी ठाम आहे.

केळीपट्टा:
मग पीएफ भरणारा एक कारखाना दाखवा, भावाला उद्याच पाठवतो.