आई-बाबांना लंडनमध्ये 'आफ्टरनून टी'साठी कुठे न्यावं?

पागोळी :
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच लंडनला येताहेत. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. आईला कुणीतरी व्हॉट्सॲपवर खाली सँडविच, वर केक अशा त्या तीन मजली ताटलीचा फोटो पाठवलाय, तेव्हापासून "तिथला तो चहा एकदा प्यायचाय" हे पालुपद सुरू आहे. तेव्हा वाढदिवसाची भेट म्हणून हेच करावं म्हणते.

आता अडचणी. आई अंडं खात नाही, केकमधलंही नाही. बाबा सगळं खातात, पण त्यांना शुगर आहे. आईचे गुडघे दुखतात, जिने नकोत. आम्ही चौघं, बजेट २०० पाउंडांच्या आसपास. जागा मध्यवर्ती हवी, म्हणजे त्याच दिवशी थोडं फिरणंही होईल. आम्ही इथे राहतो, पण असल्या ठिकाणी कधी पाऊल टाकलेलं नाही, त्यामुळे अगदी बाळबोध माहितीही चालेल.

ईलिंगकर :
पहिलं काम, रिट्झ यादीतून काढा. हॉटेल १९०६ सालचं, त्यांचं पाम कोर्ट हे चहाचं दालन देखणं आहे यात वाद नाही. पण तिथे पुरुषांना जॅकेट लागतं, जीन्स आणि खेळाचे बूट चालत नाहीत. जूनमध्ये बाबांना कोट चढवायला लावणार का? शिवाय तिथे सकाळी साडेअकरापासून एकामागून एक पंगती बसतात. साडेअकराला कसला आलाय दुपारचा चहा!

दुसरं, गणित. बड्या हॉटेलांत माणशी ७०-८० पाउंड धरूनच चाला, काही ठिकाणी त्याहून जास्त. चौघांचे ३२०, वर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ३६०. "दोन मागवू, चौघांत खाऊ" हे अशा ठिकाणी सहसा चालत नाही, खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाचे पैसे लागतात. त्यामुळे २०० मध्ये चौघं हा हट्ट सोडा, नाहीतर बडं हॉटेल सोडा.

पागोळी :
३६०! बाबा मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करतील आणि पाणी पिऊन उठतील.

शंकासूर :
मेन्यूकार्ड त्यांच्या हाती देऊच नका. बुकिंग करतानाच पैसे भरून टाका.

सायसाखर :
अंड्याचं मी सांगते, कारण माझ्या सासूबाईंचंही तेच आहे. इथे 'शाकाहारी' म्हणजे अंड्यासकट शाकाहारी. शाकाहारी मेन्यू मागवला की सामन मासा आणि कोंबडी जाते, त्याजागी काकडी, चीज, भाजलेल्या भाज्या येतात. पण सँडविचमधल्या मेयोनेजमध्ये अंडं असतं, ताटलीच्या वरच्या मजल्यावरच्या बहुतेक केक-पेस्ट्रीत असतं, आणि स्कोनच्या (जॅम-क्रीम लावून खायचा, पाव आणि बिस्किटाच्या मधला प्रकार) पिठात नसलं तरी वरून तकाकी यावी म्हणून अंडं फासलेलं असू शकतं. एखादं मूस (फेसाळ, गार गोड पदार्थ) असेल तर जिलेटिनही विचारायला हवं, ते तर प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं.

मग उपाय काय? आईंसाठी सरळ वेगन मेन्यू सांगा. त्यात अंडं येणारच नाही. फक्त त्यात दूधदुभतंही नसतं, स्कोनबरोबर कसलंतरी नारळाचं नाहीतर ओटचं क्रीम येतं. तेव्हा बुकिंगच्या वेळीच लिहा, "अंडं चालत नाही, दूध-लोणी चालतं", आणि टेबलावर बसल्यावर साधं क्लॉटेड क्रीम आणि चहाला गाईचं दूध मागून घ्या. कुणी नाही म्हणत नाही. ते क्लॉटेड क्रीम चुकवू नका, आपल्याकडच्या म्हशीच्या दुधावरच्या जाड सायीसारखं असतं, चमच्याने उचललं तरी हलत नाही. आई खूश होतील.

हे सगळं आधी कळवायचं बरं का, किमान दोन दिवस. एका बड्या हॉटेलात आम्ही आयत्या वेळी सांगितलं, तर सासूबाईंपुढे चिरलेली फळं आणून ठेवली आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

टेम्सचा बगळा :
सगळे रिट्झसारख्या, पिकॅडिली रस्त्यावरच्या बड्या जागांच्याच मागे का लागलेत कळत नाही. व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमच्या उपाहारगृहात जा. तिथे गॅम्बल, पॉइंटर आणि मॉरिस अशा तीन जुन्या खोल्या आहेत. जगात म्युझियममध्ये उपाहारगृह ही कल्पनाच पहिल्यांदा इथे आली. गॅम्बल खोलीत रंगीत फरशांनी मढवलेले खांब, वर मोठमोठे गोल दिवे; रिट्झच्या तोडीची सजावट आणि म्युझियमला प्रवेशशुल्क नाही. काउंटरवर जायचं, स्कोन, जॅम, क्रीम आणि चहाची किटली ट्रेमध्ये घ्यायची. चौघांचं मिळून एका बड्या हॉटेलातल्या एका माणसाच्या बिलात भागेल. आता बोला.

ईलिंगकर :
बगळेबुवा, जागा सुंदर आहे, मान्य. पण ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, मग रिकामं टेबल शोधत फिरायचं, तेही गुडघेदुखीत? लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आईला कुणीतरी वाढायला हवंय हो. ती तीन मजली ताटली काउंटरवर मिळत नाही, आणि हट्ट तिचाच आहे.

टेम्सचा बगळा :
रांगेत लेक-जावई उभे राहतील की. असो. मग वॉलेस कलेक्शन हे म्युझियम बघा. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागे मँचेस्टर स्क्वेअरमध्ये जुना वाडा आहे, त्याच्या मधल्या चौकावर काचेचं छप्पर घालून तिथे टेबलं मांडलीत. पाऊस असो, ऊन असो, उजेड छान. टेबलावर आणून देतात, आफ्टरनून टी मिळतो, आणि बड्या हॉटेलांपेक्षा बराच स्वस्त पडतो. प्रवेश इथेही फुकट. बाबांना शस्त्रांची आवड असेल तर तळमजल्यावर चिलखतं, तलवारी, आपल्याकडच्या कट्यारी बघून घ्या. बाँड स्ट्रीट स्टेशनला लिफ्ट आहे, तिथून दहा मिनिटं सपाट रस्ता. गर्दीच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून न जाता मागच्या गल्लीने जा.

पागोळी :
वॉलेसचं नाव पहिल्यांदाच ऐकलं, बाबांना नक्की आवडेल. ट्रॅफल्गर स्क्वेअरला सेंट मार्टिन चर्चच्या खाली कॅफे आहे म्हणे, स्वस्त. तो कसा?

शंकासूर :
स्वस्त आहे, चांगला आहे, लिफ्टही आहे. पण ते चर्चचं तळघर. विटांच्या कमानी झकास, मात्र पायाखालच्या फरशीत जुन्या थडग्यांचे दगड बसवलेत, नावं-सालं वाचता येतात. लग्नाच्या वाढदिवसाला आईंना तिथे बसवून खाली बघू नका म्हणणार असाल तर जा.

पागोळी :
😂 रद्द. आणि ती दुमजली लाल बस? बिग बेन वगैरे दाखवत चहा देतात ती?

सायसाखर :
गुडघे म्हणालात ना? बसचा जिना चढायचा, मग लंडनच्या ट्रॅफिकमध्ये धक्के खात झाकणाच्या कपातून चहा प्यायचा. लहान मुलांना मजा येते. तुमच्या आईंना नको.

ईलिंगकर :
माझं मत विचाराल तर फोर्टनम अँड मेसन, पिकॅडिली. हॉटेल नाही, दुकान आहे, १७०७ पासूनचं, मुळात किराणा आणि चहावाले. चौथ्या मजल्यावर डायमंड ज्युबिली टी सलून आहे, २०१२ मध्ये खुद्द राणी एलिझाबेथ उद्घाटनाला आल्या होत्या. हे आईंना आधी सांगा, निम्मं काम तिथेच होईल. लिफ्ट आहे. पियानो वाजत असतो, खुर्च्या ऐसपैस, आणि कपड्यांचा बाऊ नाही; आईंनी पैठणी नेसली तर सगळ्यांत उठून दिसतील.

बाबांसाठी तिथे 'सेव्हरी' नावाचा वेगळा प्रकार आहे, म्हणजे स्कोनही तिखटमिठाचे आणि वरच्या मजल्यावर गोडाऐवजी नमकीन पदार्थ. शुगरवाल्या माणसाला गोडापेक्षा हे सोयीचं. सँडविच, स्कोन संपले की परत विचारतात, तेव्हा लाजू नका, मागा. राहिलेले केक खोक्यात भरून देतात. पण माणशी खर्च बड्या हॉटेलांइतकाच, तो काही कमी नाही.

म्हणून माझा सल्ला : चौघं जाऊ नका. फक्त आई-बाबांना बसवा. १६० आणि वर २०, म्हणजे १८० पाउंड. तुमच्या बजेटात बसतं. तुम्ही दोघं तोवर खालचे मजले बघा, चहाचे डबे हुंगत तासभर सहज जातो.

पागोळी :
आकडा बसतो, आई बसणार नाही. 'तुम्ही दोघं खाली उभे आणि आम्ही वर खातोय' हे तिला घास गिळू देणार नाही. शिवाय वेटर भराभर इंग्रजी बोलला की ती "येस, येस" म्हणून मोकळी होते. अंड्याचं कोण बघणार?

सायसाखर :
मुद्दा बरोबर आहे. मग तुम्ही तिघं जा. पन्नास वर्षं एकदाच होतात, जावईबापूंना एक दिवस ऑफिसला पाठवा.

चहाबद्दल दोन शब्द, कारण खरी फसगत तिथे होते. पन्नास प्रकारांची यादी समोर येते आणि आपली माणसं नाव ओळखीचं म्हणून दार्जिलिंग मागवतात. त्यात दूध घातलं की आई म्हणणार, ही कसली फुळकवणी! त्यांच्यासाठी आसाम मागवा. किटलीत चार-पाच मिनिटं मुरू द्या, घाईने ओतू नका. दूध गार येतं, ते गरम करून मागा, देतात. गाळणी वेगळी असते, ती कपावर धरून ओतायचं. बरोबर नुसत्या गरम पाण्याचं भांडं आलं तर ते पिण्यासाठी नाही, किटलीतला चहा फार कडक झाला तर त्यात घालायला. आलं-वेलची विसरा.

शंकासूर :
आणि ताटली खालून वर खायची : खाली सँडविच, मध्ये स्कोन, वर केक. स्कोन सुरीने कापत बसू नका, हाताने मधोमध उकलतो. आधी जॅम की आधी क्रीम यावर कॉर्नवॉल आणि डेव्हन या शेजारच्या दोन परगण्यांचं पिढ्यान् पिढ्या वाजलेलं आहे. कॉर्नवॉलवाले जॅम आधी लावतात. तुम्ही काहीही करा, कुणी बघत नाही.

ईलिंगकर :
त्या दिवशी दुपारचं जेवण करू नका. ही प्रथाच मुळी भुकेतून आली. १८४० च्या सुमारास डचेस ऑफ बेडफर्ड ॲना यांना दुपारचं हलकं खाणं आणि रात्रीचं उशिराचं जेवण यांच्यामध्ये पोटात कावळे ओरडायला लागायचे, म्हणून त्यांनी चार-पाचच्या सुमारास खोलीत चहा आणि पाव-लोणी मागवायला सुरुवात केली. हल्ली त्या ताटलीत एवढं असतं की रात्री घरी वरणभातही नको होतो. म्हणजे दोन जेवणं वाचली असं बाबांना सांगता येईल.

जाताना ग्रीन पार्क स्टेशनला उतरा, पिकॅडिली सर्कसला नाही. ग्रीन पार्कला लिफ्ट आहे, सर्कसला जिने. तिथून सरळ सपाट रस्ता. चालवत नसेल तर व्हिक्टोरियाहून ३८ नंबरची बस पिकॅडिलीवरूनच जाते. आणि तासाच्या ठोक्याला दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहा. दर्शनी भिंतीवरच्या घड्याळातून मिस्टर फोर्टनम आणि मिस्टर मेसन बाहेर येऊन एकमेकांना लवून नमस्कार करतात.

पागोळी :
झालं बुकिंग! तिघांचं, मंगळवारी सव्वातीनचं. शनिवार-रविवार भरलेला होता. वेगन एक, सेव्हरी एक, साधा एक. अंड्याचं आणि दुधाचं खुलासेवार लिहिलं, शिवाय फोनही केला. बाई म्हणाली, आलात की वाढणाऱ्याला पुन्हा एकदा सांगा. नवरा आनंदाने ऑफिसला जाणार आहे, त्याच्या आनंदाचं मला जरा वाईटच वाटलं. वॉलेस गुरुवारी, तिथे चौघं, नुसता चहा आणि एखादा स्कोन.

एक राहिलं. तो सर्व्हिस चार्ज दिला की वर टीप वेगळी द्यायची का?

टेम्सचा बगळा :
नाही. बिलातच असतो, पुन्हा देऊ नका. ऑक्टोबर २०२४ पासून कायद्याने ते पैसे मालकाला ठेवता येत नाहीत, कामगारांनाच द्यावे लागतात. 'ऐच्छिक' लिहिलेलं असेल आणि सेवा खरंच वाईट असेल तर काढायला सांगता येतं, त्यात संकोच नको.

माळावरची चिंच :
मधेच घुसते, माफ करा. आम्ही ऑगस्टमध्ये येतोय, पण बरोबर चार वर्षांचा उपद्व्यापी मुलगा आहे. त्याला या टी सलूनमध्ये नेता येईल का?

सायसाखर :
नेता येईल, पण तो दीड तास बसेल का ते तुम्हीच ठरवा. त्याच दुकानात पहिल्या मजल्यावर आईस्क्रीमचं 'पार्लर' आहे. तिथे जा, अर्ध्या तासात सुटका.