दशावतार म्हणजे उत्क्रांती नव्हे, आणि असं म्हणण्यात देवाचा अपमानही नाही

खडू_फळा:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारी पोस्ट थोडक्यात अशी: मत्स्य म्हणजे पाण्यातला जीव, कूर्म उभयचर, वराह जमिनीवरचा पशू, नरसिंह अर्धा माणूस, वामन ठेंगणा आदिमानव, परशुराम हत्यार वापरणारा, राम-कृष्ण सुसंस्कृत, बुद्ध ज्ञानी. डार्विनने १८५९ मध्ये हेच आपल्याकडून चोरलं, मग शाळेत त्याचा धडा हवाच कशाला?

शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. मी दहावीला विज्ञान शिकवते. आपल्या राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने मात्र २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' राहिलं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं. बारावीला आहे ना, असं उत्तर मिळतं. अहो, दहावीनंतर कॉमर्सला गेलेल्या मुलाने बारावीचं जीवशास्त्र कुठून वाचायचं?

आता पोस्ट. कासव उभयचर नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांत येतं. ते फुफ्फुसांनी श्वास घेतं आणि समुद्रातलं कासवसुद्धा अंडी घालायला वाळूत येतं, कोकणात वेळासला जाऊन बघा. मासा आणि चार पायांचे प्राणी यांच्यामधला जीव हवा असेल तर टिक्टालिकचा जीवाश्म बघा. तो सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, २००४ मध्ये कॅनडाच्या अगदी उत्तरेला सापडला. अंगावर माशासारखे खवले, पण डोकं वळवता येईल अशी मान, आणि पोहायच्या पराच्या आत मनगटासारखी हाडं.

पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. वराह हा कूर्माचा वंशज नाही. प्रत्येक वेळी तोच विष्णू येतो, पूर्ण येतो आणि कामासाठी येतो. मंदराचल पेलायला कूर्म, पृथ्वी वर काढायला वराह. उत्क्रांतीत असा हेतू नसतो. पिढ्यान्‌पिढ्या थोडा थोडा फरक पडतो, त्यातलं जे टिकतं ते पुढे जातं. मी आषाढी-कार्तिकीचे उपास करते. म्हणूनच सांगते, ही पोस्ट पुराणाचीही मोडतोड करते आणि विज्ञानाचीही.

नर्मदातीर:
ती पोस्ट मीही पुढे पाठवली आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. ताई, तुम्ही कासवाच्या वर्गीकरणात अडकलात. पूर्वजांनी पाण्यातून जमिनीवर आणि पशूतून माणूस हा क्रम ओळखला, एवढंच म्हणणं आहे. २०१९ च्या विज्ञान काँग्रेसमध्ये, जालंधरला, आंध्र विद्यापीठाच्या तेव्हाच्या कुलगुरूंनी हेच सांगितलं. ते काय अडाणी होते?

आणि मला डार्विन पटत नाही तो पुस्तकामुळे नाही. माझी नात सातव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत होती. तळहाताएवढं बाळ, आणि एकेका बोटाला नख, नखाखाली गुलाबी कड. हे सगळं आपोआप, योगायोगाने? मी आयुष्यभर यंत्रं बसवली आहेत, एक बेअरिंगसुद्धा आपोआप जागेवर बसत नाही.

कोरडवाहू:
काका, नात सुखरूप असो. पण आपोआप काय होतं ते आमच्या यवतमाळला येऊन पाहा.

बीटी कापूस, म्हणजे अळी मारणारं विष झाडातच तयार होणारं वाण, २००२ मध्ये आला, त्याचंच पुढचं बीजी-२ आलं २००६ मध्ये. तेव्हा बोंडअळी मरायची, आम्हीच पाहिली आहे. २०१७ च्या हंगामात काय झालं? फुलं उमलेचनात, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, डोमकळ्याच डोमकळ्या. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. फोडलं की आत सरकी खात बसलेली गुलाबी अळी आणि रुई पिवळी. औषध मारून उपयोग नाही, ती आत बसलेली. निम्मा कापूस कवडी निघाला.

कृषी विद्यापीठाच्या माणसाने बांधावर समजावलं. लाखात एखादी अळी जन्मतःच अशी, की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ती राहिली. तिच्यासारख्याच उरल्या तर पतंगही तसेच, अंडीही तशीच. आम्ही फरदड ठेवत गेलो, म्हणजे वेचणीनंतरही पीक उभंच, अळीला उन्हाळ्यापर्यंत खाणं. सोबत बिगर-बीटीचं पाकीट यायचं, बांधाकडेने लावायला, म्हणजे साध्या पतंगांशी संकर होऊन जोर कमी व्हावा. पण ते बियाणं धड उगवायचं नाही, कंपनीला विचारलं तर कोणी दाद देत नव्हतं, आणि दोष मात्र शेतकऱ्याला! पाकिटांची चौकशी व्हायला पाहिजे होती. यात योगायोग कुठे आहे? छाटणी आहे.

नर्मदातीर:
तुमच्या नुकसानीचं वाईट वाटलं भाऊ. पण अळी शेवटी अळीच राहिली ना? तिचं फुलपाखरू किंवा चिमणी झाली नाही. जातीच्या आत बदल होतो हे पशुपालकालाही माहीत आहे. माकडाचा माणूस झालेला कोणी पाहिला?

रात्रपाळी:
हे वाक्य २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादेत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्र्यांनीही ऐकवलं होतं, की माकडाचा माणूस होताना पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना एकत्र निवेदन काढून खोडावं लागलं.

मी प्रयोगशाळेत गुणसूत्रांच्या चाचण्या करतो. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपांझी-गोरिलात २४. एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र बघा. गुणसूत्राच्या टोकाला जी रचना असते ती याच्या मध्यावर सापडते, आणि मधल्या सांध्याची जागा दोनदा, त्यातली एक निकामी. म्हणजे दोन गुणसूत्रं जुळून एक झालं आहे. माकडाचा माणूस झाला असं कुणीच म्हणत नाही. त्यांचे आणि आपले पूर्वज एक, एवढंच. शिवाय क जीवनसत्त्व बनवणारं जनुक आपल्यातही मोडकं, त्यांच्यातही मोडकं. स्वतंत्र घडवलं असतं तर दोघांना तोच बिघाड का?

पापडी_वसई:
आमच्याकडे हा वाद केव्हाच मागे पडला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही नुसती कल्पना राहिली नाही असं लिहिलं. मी रविवारी मिस्साला जातो आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. आत्मा देवाने दिला हे मानायला डार्विन आड येत नाही. अमेरिकेतले काही पंथ सहा दिवसांत सृष्टी असं अक्षरशः धरतात आणि सगळ्या ख्रिस्ती लोकांना त्यात ओढलं जातं, याचा राग येतो.

निळी_पहाट:
सगळे कासव आणि अळीवर बोलताय, पण पोस्टमध्ये बुद्धांना विष्णूचा अवतार करून टाकलंय त्यावर एकाही माणसाला काही बोलावंसं वाटलं नाही? धागा काढणाऱ्या ताईंनाही नाही? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी याचसाठी आहे: बुद्ध विष्णूचा अवतार हे मी मानत नाही, तो खोटा प्रचार आहे. माझ्या आजीने ती तिथे उभं राहून म्हटली. आमच्या गुरूला तुमच्या यादीत भरती करायचं आणि वर त्याला विज्ञान म्हणायचं?

इंद्रायणीकाठ:
आमच्या देव्हाऱ्यात नववा बुद्ध नाहीच मुळी! जुन्या पंचांगांवर, कित्येक देवळांतल्या दशावतारांच्या पट्ट्यांत नवव्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठोबा आहे. संतांनी त्यालाच बौद्ध अवतार म्हटलंय. यात अपमान कसला? आदराने जवळ घेतलंय.

निळी_पहाट:
आदराने जवळ घेतलं तर मग शतकानुशतकं देवळाबाहेर का ठेवलं? चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर का आहे? जवळ घेणं म्हणजे काय ते आम्हाला शिकवू नका.

इंद्रायणीकाठ:
चोखोबांच्या समाधीवर डोकं ठेवल्याशिवाय आमच्या घरातला कोणी आत जात नाही. तुम्ही प्रत्येक विषयात हेच आणता.

निळी_पहाट:
आणला तो पोस्ट लिहिणाऱ्याने. डोकं तुम्ही आज ठेवता. त्यांना जिवंतपणी आत घेतलं नव्हतं, मी त्याबद्दल बोलतेय. दोन्ही खरं असू शकतं.

इंद्रायणीकाठ:
आत घेतलं नव्हतं, हे खरं. त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण विठोबा नववा ही माझ्या आजोबांची श्रद्धा आहे, ती कुणाच्या प्रतिज्ञेने खोटी ठरत नाही.

निळी_पहाट:
ठेवा तुमची श्रद्धा. फक्त त्यात तथागतांचं नाव नको.

खडू_फळा:
निळी_पहाट, तुमचा मुद्दा मूळ लिखाणात यायला हवा होता, आणि तो माझ्या मुद्द्याला जोर देणाराच आहे. नवव्या जागी कोण, यावर महाराष्ट्रातच एकमत नाही. ज्या यादीतलं नाव गावागणिक बदलतं ती जीवसृष्टीचा क्रम कशी सांगणार? श्रद्धेची यादी बदलली तर बिघडत नाही, टिक्टालिकचं वय गावाप्रमाणे बदलत नाही.

काका, नातीच्या नखांबद्दल तुम्हाला जे वाटलं त्यावर कुणी हरकत घेत नाही. देवाचे आभार मानायला बीजगणितासारखा पुरावा लागत नाही. माझी हरकत एवढीच की त्या भावनेच्या जोरावर तुम्ही माझ्या वर्गातला धडा काढा म्हणता. उद्या तुमची नात दहावीला येईल. क्षयाचे जंतू औषधांना का जुमानत नाहीत, हे तिला कोणी शिकवायचं?

नर्मदातीर:
धडा काढा हे पोस्टमध्ये होतं, मी स्वतः लिहिलं नव्हतं. पण पाठवलं मीच, ते नाकारत नाही. धडा राहू दे. अळीचं मान्य, जंतूंचंही मान्य. गुणसूत्राचं ऐकून घेतलं, पटलं असं म्हणणार नाही. माणूस देवानेच घडवला, ही माझी खात्री आहे आणि ती राहील.

निळी_पहाट:
आणि बुद्धांचं नाव?

नर्मदातीर:
ते काढून पोस्ट पुन्हा टाकतो. नवव्या जागी काहीच लिहीत नाही. बाकी मजकूर तसाच राहील.

कोरडवाहू:
'डार्विनने चोरलं' हेही काढा काका.

नर्मदातीर:
ते बघतो.