मदत हवी आहे : गल्लीत मोठं रिटेल स्टोअर येतंय, हरकत कुठं घ्यायची?

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीजवळ आमच्या गल्लीत दोन बंगले पाडून मोठं रिटेल स्टोअर होणाराय. रस्ता टेपनं मोजला, गटारापासून गटारापर्यंत जेमतेम 9 मीटर, सकाळी दुधाची गाडी थांबली की शाळेच्या रिक्षाला मागं घ्यावं लागतं, मग तिथं मालाचे ट्रक वळणार कसे? किराणा दुकानाला आमचा विरोध नाही. झोन दाखला (विकास आराखड्यात जागा कुठल्या वापरासाठी आहे ते सांगणारा) काढलाय, प्लॉट रहिवासीच आहे, 32 जणांच्या सह्यांचा अर्ज देऊन पोच घेतलीय, मंजूर नकाशासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, त्याचे 30 दिवस व्हायचेत. राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीत (UDCPR) जागेचा वापर रस्त्याच्या रुंदीवरही ठरतो एवढं कळलं. कोर्टाचा खर्च आत्ता झेपणार नाही. झोन बदलताना हरकती मागवतात, पण इथं नुसतीच बांधकाम परवानगी असेल तर शेजाऱ्यांनी कुठल्या टप्प्यावर आणि कुणाकडं हरकत घ्यायची?