मदत हवी आहे: केंद्राच्या करमहसुलाचा आलेख बारावीच्या मुलांसमोर कसा मांडू?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. बारावीला सार्वजनिक वित्तव्यवस्थेचा धडा आहे. दरवर्षी मी फळ्यावर आकडे लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची आणि धडा संपायचा. यंदा ठरवलं की स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारचा करमहसूल कसा वाढत गेला, त्याचा आलेख मुलांनीच काढायचा आणि वर्गात लावायचा.

आकडे असे दिले होते (कोटी रुपयांत). १९५०-५१ : सुमारे ४०५. १९९०-९१ : ५७,५७६. २०००-०१ : १,८८,६०३. २०१०-११ : ७,९३,०७२. २०२३-२४ : सुमारे ३४ लाख ६५ हजार.

एक सेंटिमीटरला एक लाख कोटी असं प्रमाण घेतलं. पहिली अडचण म्हणजे शेवटचा बिंदू आलेख कागदाच्या वर जाऊ लागला, म्हणून दोन कागद चिकटवले. खरी अडचण मात्र खाली होती. १९५०-५१ चा बिंदू तळरेषेपासून ०.०४ मिलिमीटर वर येतो, म्हणजे पेन्सिलीच्या टोकापेक्षाही कमी. १९९०-९१ चा बिंदू जेमतेम सहा मिलिमीटर. चाळीस वर्षं रेघ जमिनीला चिकटलेली आणि मग एकदम भिंतीसारखी उभी.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आधी लोक करच भरत नव्हते का?"

मी "तसं नाही" म्हटलं, पण कसं नाही ते समोरच्या कागदावरून दाखवता येईना. ज्या काळात सर्वांत वरच्या उत्पन्नावर अधिभारासकट (म्हणजे करावर लावलेल्या जादा करासकट) ९७.७५ टक्के आयकर होता (१९७३-७४), तो काळ माझ्या आलेखात सपाट दिसतो. मुलांच्या मनात चुकीची गोष्ट आपल्या हातून ठसतेय, हे मला फार लागलं.

मग घरी बसून जीडीपीशी, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाशी, प्रमाण काढून पाहिलं. १९५०-५१ ला जीडीपी सुमारे १० हजार कोटी, म्हणजे कर चार टक्के. १९९०-९१ ला दहाच्या आसपास. २०००-०१ ला नऊ. २००७-०८ ला जवळपास बारा. २०२३-२४ ला साडेअकरा ते पावणेबारा. आता हाच आलेख लावला तर मुलं म्हणणार की गेल्या तीस-पस्तीस वर्षांत काही वाढलंच नाही!

त्यात भर म्हणून एका विद्यार्थ्याने मोबाईलवर २०२३-२४ चा आकडा शोधला तर त्याला २३ लाख २७ हजार कोटी मिळाला. माझ्याकडे ३४ लाख ६५ हजार. दोन्ही आकडे अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांतलेच निघाले.

तर जाणकारांना विनंती. यातला कुठला आकडा धरू? महागाई कशी वजा करू? आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना एका कागदावर खरं चित्र दिसेल असा मार्ग आहे का? शाळेत संगणक आहे पण वर्गात नाही, त्यामुळे जे करायचं ते कागदावरच.

प्रतिसाद

मॅडम, दोन आकड्यांचं कोडं आधी सोडवतो. ३४.६५ लाख कोटी हा सकल करमहसूल, म्हणजे केंद्राने गोळा केलेला सगळा कर. त्यातले सुमारे ११.२९ लाख कोटी राज्यांचा वाटा म्हणून गेले, थोडे आपत्ती निवारण निधीला गेले, उरलेले २३.२७ केंद्राकडे राहिले. 'अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात' या पुस्तिकेत वरच निव्वळ आकडा असतो, म्हणून मोबाईलवर तोच आधी सापडतो. सकल आकडा रिसीट बजेटमध्ये, म्हणजे अर्थसंकल्पाच्या जमेच्या पुस्तकात मिळतो.

वाढ दाखवायची असेल तर सकलच धरा. निव्वळ आकड्यात वाटणीचे नियम मिसळलेले असतात आणि ते बदलत आलेत. पूर्वी फक्त आयकर आणि केंद्रीय उत्पादन शुल्क राज्यांबरोबर वाटलं जायचं. २००० सालच्या ८० व्या घटनादुरुस्तीनंतर सगळेच केंद्रीय कर वाटपात आले, उपकर (ठरावीक कामासाठी लावलेला जादा कर) आणि अधिभार सोडून. पुढे चौदाव्या वित्त आयोगाने (केंद्र-राज्यांतली करवाटणी सुचवणारा आयोग) राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला. त्याचा परिणाम बघा. २०१४-१५ ते २०१५-१६ मध्ये सकल महसूल १२.४५ वरून १४.५६ लाख कोटींवर गेला, पण निव्वळ ९.०४ वरून फक्त ९.४४ वर. निव्वळ आकडे घेऊन आलेख काढला असता तर त्या वर्षी करवसुली मंदावली असंच मुलांना वाटलं असतं.

प्रतिसाद

ताई, तुमचा आलेख चुकलेला नाही, मोजपट्टी चुकली आहे. दरसाल ठरावीक टक्क्यांनी वाढणारी कुठलीही रक्कम साध्या पट्टीवर अशीच दिसते. बँकेतली चक्रवाढ ठेव काढून बघा, तीही आधी सपाट आणि मग भिंत.

लॉगची पट्टी घ्या. खास कागद लागत नाही. १०० कोटी, १ हजार कोटी, १० हजार, १ लाख, १० लाख, १०० लाख कोटी अशा सहा रेघा ५-५ सेंटिमीटरवर आखायच्या. मुलांना एवढंच सांगा की दर पायरीला दहापट. मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर लॉग काढून तुमचे आकडे बसवून पाहिले. तळापासून १९५०-५१ चा बिंदू ३ सेंमी, १९९०-९१ चा १३.८, २०००-०१ चा १६.४, २०१०-११ चा १९.५ आणि २०२३-२४ चा २२.७. सगळं एका कागदावर मावतं. मधली दशकंही घाला : १९६०-६१ सुमारे ९०० कोटी (४.८ सेंमी), १९७०-७१ सुमारे ३,२०० (७.५), १९८०-८१ सुमारे १३,२०० (१०.६).

आता खरी गंमत. १९५०-५१ ते १९९०-९१ या चाळीस वर्षांत महसूल १४२ पट झाला. दरवर्षीची सरासरी वाढ येते १३.२ टक्के. १९९०-९१ ते २०२३-२४ या तेहेतीस वर्षांत तो ६० पट झाला. सरासरी वाढ पुन्हा १३.२ टक्के! मी दोनदा गणित केलं. तुमच्या विद्यार्थिनीला हेच दाखवा. वाढीचा वेग तेव्हाही तोच होता.

मग फरक कुठे? जीडीपीत. पहिल्या काळात देशाचं उत्पन्न चालू किमतींना (महागाई धरून) वर्षाला साधारण साडेदहा टक्क्यांनी वाढत होतं आणि कर तेराने, म्हणून प्रमाण चारवरून दहावर चढलं. नंतर उत्पन्नच साडेबारा टक्क्यांच्या वर वाढू लागलं, त्यामुळे कर त्याच्या जोडीने चालला, पुढे गेला नाही. तुमचे दोन्ही आलेख खरे आहेत, फक्त शेजारी शेजारी लावायला हवेत.

महागाई वेगळी वजा करू नका. प्रमाण काढताना वर-खाली त्याच वर्षाचे रुपये असतात, ती आपोआप निघून जाते. फक्त जीडीपीची आधारवर्षं (मोजणीसाठी पाया धरलेली वर्षं) वेळोवेळी बदलली आहेत, तेव्हा प्रमाणातल्या पाव-अर्ध्या टक्क्याच्या फरकावरून मुलांना निष्कर्ष काढू देऊ नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. १३.२ आणि १३.२ हे वाचून मी वही काढून स्वतः पडताळलं, बरोबर आहे. अजून एक विचारते. मुलं हमखास विचारणार की हा पैसा आला कशातून, आणि कधी घटला का? थोडक्यात सांगता येईल असं काही?

प्रतिसाद

घट दोनदा दाखवा. २००१-०२ मध्ये महसूल १,८८,६०३ वरून १,८७,०६० कोटींवर आला. त्या वर्षी सीमाशुल्कच सुमारे ७ हजार कोटींनी कमी जमलं. दुसरी २०१९-२० ची, २०.८० वरून २०.१० लाख कोटी. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी २२ टक्के केला, शिवाय अर्थव्यवस्था मंदावलेली होती. कंपनी कर एका वर्षात ६.६४ वरून ५.५७ लाख कोटींवर उतरला. पुढच्या कोरोनाच्या वर्षी मात्र एकूण आकडा घटला नाही, कारण पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क वाढवलं होतं. उत्पादन शुल्काची रक्कम २.४० वरून ३.९ लाख कोटींच्या घरात गेली. हे मुलांना लगेच कळेल, घरी गाडीत पेट्रोल तेच भरतात.

कशातून आला, यासाठी दोन वर्तुळं पुरेत. १९९०-९१ मध्ये ५७,५७६ कोटींपैकी सीमाशुल्क २०,६४४ आणि उत्पादन शुल्क २४,५१४. आयकर आणि कंपनी कर मिळून ११ हजारांच्या आत. म्हणजे शंभरातले जवळपास ऐंशी रुपये वस्तूंच्या किमतीतून यायचे, आणि ते गरीब-श्रीमंत सगळेच भरायचे. २०२३-२४ मध्ये निम्म्याहून जास्त, साधारण ५६ रुपये थेट उत्पन्नावरच्या करातून आले आणि सीमाशुल्क सातच्याही खाली गेलं. १९९१ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्काचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणला आणि पुढे तो उतरतच गेला. १९९४ मध्ये टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली अशा तीन सेवांवर ५ टक्के सेवाकर सुरू झाला, पहिल्या वर्षी ४०७ कोटी जमले. हा ४०७ चा आकडा मुलांना नक्की सांगा. १९५०-५१ मध्ये अख्ख्या केंद्राचा कर जेवढा होता, तेवढाच!

आणि आलेखाच्या सुरुवातीला चिंतामणराव देशमुखांचं नाव लिहा. १९५० ते ५६ ते अर्थमंत्री होते, आपल्या महाडजवळच्या नाते गावचे.

धागाकर्ती

कालच्या तासाला आलेख झाला. सहा रेघा मुलांनीच आखल्या, लॉग फोनवर काढले. तीन सेंटिमीटरवरचा पहिला बिंदू त्याच मुलीकडून काढून घेतला. तिने पट्टी लावून दशकादशकामधलं अंतर मोजलं आणि म्हणाली, पहिल्या दहा वर्षांत पावणेदोनच सेंटिमीटर, मग दर दहा वर्षांनी अडीच-तीन. १९५० च्या दशकात चढ कमी का, हा आता वर्गाचा पुढचा प्रश्न आहे. त्या दशकातल्या करांच्या दरांबद्दल मराठीत सोपं वाचायला काही असेल तर कृपया सुचवा. मुलं गुरुवारी विचारणार आहेत.